हवालदार आणि बदकाची अंडी

माझा धाकटा भाऊ नाथाजी लष्करातून हवालदार होऊन घरी आला आणि ओट्यावर बसला, तो बसलाच. आमच्याकडं कोंबडी अंडी घालायची थांबली आणि कोपऱ्यात ठाण मांडून बसली, की ती खुडूक झाली म्हणतात. कामाशिवाय घरात बसलेल्या माणसालाही तोच शब्द लावतात. नाथाला तो गल्लीतल्या बायकांनी पहिल्याच वर्षी लावला. मी त्याची सख्खी मोठी बहीण, पण मला राग आला नाही. शब्द बरोबर होता.

तसा तो आळशी नव्हे. पहाटे उठायचा, दाढी घोटायचा, बूट चमकवायचा आणि ते बूट घालून ओट्यावर येऊन बसायचा. फौजेत त्यानं बर्फातून रसदीचे ट्रक चालवले होते, दरीच्या कडेनं. पण स्वतःच्या घरात मीठ कुठल्या डब्यात असतं हे त्याला माहीत नव्हतं. सुट्टीला पाहुण्यासारखा यायचा, पाहुण्यासारखा जायचा आणि निवृत्तीनंतरही पाहुणाच राहिला. शेत, दोन म्हशी, कोंबड्या, बदकं, सगळं त्याची बायको रंगूबाई बघायची. मुलगा जयराज आणि सून कोइमतूरला, गलाईच्या दुकानात. सोनं गाळायचं काम. यात्रेला येतात, चार दिवस राहतात, जातात.

आमचं गाव वडूजजवळ, येरळेच्या काठावर. काठ आपला म्हणायचा. नदीत वर्षातले निम्मे महिने गोटेच असतात. अशा गावात बदकं कशी, असं कुणीही विचारेल. रंगूबाईचं माहेर भिलवडीकडचं, कृष्णाकाठचं. तिनं लग्नानंतर काही वर्षांनी माहेराहून पाटीत घालून बदकं आणली. गाव हसलं. "रंगे, ह्यास्नी पोहायला हंडा देनार का घागर?" म्हणून विचारलं. तिनं म्हशींच्या हौदात सोडली. म्हशींनी तक्रार केली नाही, आणि गावाकडं तिनं लक्ष दिलं नाही.

मागच्या माघात रंगूबाईला कॅन्सर निघाला. घरातले 'गाठ' म्हणतात, मी कॅन्सर म्हणते. नाव चोरल्यानं रोग पळत नाही. गर्भाशयाच्या तोंडाशी होता आणि नशिबानं लवकर कळला. मिरजेच्या डॉक्टरांनी मला समोर बसवून सांगितलं: पाच आठवडे मशीनवर लाईट, म्हणजे किरणांचा उपचार, घ्यायची, शनिवार-रविवार सोडून रोज. पुरी केली तर बाई बरी होईल. मध्येच सोडली तर सगळं फुकट. माझं घर सांगलीत, विश्रामबागेत. मिरजेला तिथून बसनं लगेच जाता येतं. मी म्हटलं, "सामान बांध आणि चल."

ती म्हणाली, "वन्सं, माझं बदक बसलंय."

मला वाटलं, भीतीनं हिचं डोकं फिरलं. पण ती शुद्धीवर होती. पाळीव बदकांची एक गंमत आहे. माणसानं पिढ्यान्‌पिढ्या त्यांना नुसती अंडी घालायला पाळलं, त्यामुळं बहुतेकांची बसायची ओढच गेली. कुठंही अंडं टाकतात आणि चालायला लागतात. रानातलं बदक असं करत नाही. ते गवतात घरटं करतं, छातीची मऊ पिसं उपटून अंड्यांखाली अंथरतं आणि उठून जाताना त्याच पिसांनी अंडी झाकून जातं. रंगूबाईच्या बदकांची अंडी इतकी वर्षं कोंबडीखालीच उबवावी लागायची. आणि या वर्षी एक करडं बदक कडब्याच्या गंजीमागं आपणहून बसलं होतं. त्याच्या पिल्लांत आईचा गुण उतरला, तर पुढं कोंबड्यांच्या पाया पडायला नको. रंगूबाई याची वाट कितीतरी वर्षं बघत होती.

"अंड्यांस्नी काय झालं तर मी त्याच दिशी गाडीत बसनार," तिनं मला बजावलं. "मग ते मशीन गेलं खड्ड्यात."

ही पोकळ धमकी नव्हती. एकदा ती जयराजकडं कोइमतूरला गेली होती. म्हैस अडलीय असा फोन आला, तशी सुनेला न सांगता स्टेशन गाठून परत आली होती. तिला ना तमीळ येत, ना हिंदी.

निघताना तिनं नाथाला गंजीमागं नेलं. मी तिथंच उभी होते.

"आवं, हिकडं बघा. ह्येला उठवायचं न्हाई. दानं टाकायचं. कुत्रं फिरकू द्यायचं न्हाई. बाकी त्येला समदं कळतं."

"समदं कळतं तर मला कशाला ठेवतीस?"

"कुत्र्यासाठी."

आणि आम्ही एसटीत बसलो.

नाथानं हुकूम घेतला तो फौजीसारखाच. ओट्यावरची खुर्ची गंजीजवळ नेली, हातात काठी घेतली, पहाराच बसवला म्हणा ना. कुत्री दुसऱ्या गल्लीनं जायला लागली. रंगूबाई रोज संध्याकाळी माझ्या स्वयंपाकघरातून फोन करायची.

"बदक?"

"बसलंय."

"खातंय?"

"खातंय."

झालं. विचारलं तेवढंच सांगायचं, ही फौजेतली शिस्त. न विचारलेलं जे चाललं होतं ते आम्हाला कळायला फार उशीर झाला.

पहिली गोष्ट पिसांची. बदक दाणे खायला उठलं की अंड्यांभोवती मऊ पिसांचा ढीग दिसायचा. नाथाला तो कचरा वाटला. ड्यूटीच्या जागी कचरा त्याला खपत नाही. तो रोज चिमटीनं पिसं वेचून उकिरड्यावर टाकायचा, आणि बदक बिचारं पुन्हा छातीची उपटून घालायचं.

दुसरी गोष्ट पाण्याची, आणि ती वाईट. बदक उठलं की दाणे खाऊन हौदात उतरायचं, दोन बुड्या मारायचं आणि ओलंचिंब येऊन अंड्यांवर बसायचं. आता आमच्या भागात घराघरांत एक नियम आहे: अंड्याला पाणी लागलं की अंडं नासतं. कोंबडी बसवलेल्या पाटीवर गळक्या पत्र्याचं पाणी पडू नये म्हणून बायका जिवाचा आटापिटा करतात. आमच्या आईनं ओल्या हातानं अंड्यांना हात लावला म्हणून नाथाच्या पाठीत रट्टे घातले होते. अंड्यांबद्दल त्याला जन्मभरात ही एकच गोष्ट ठाऊक होती आणि तीच बदकाला लागू नव्हती. त्यानं शेजारी राहणाऱ्या गुंडा नावाच्या गड्याला विचारलं. गुंडाच्या घरी कोंबड्या असतात.

"नासनारच की रं," गुंडा म्हणाला. "गार पान्याचं बूड अंड्यावर टेकवल्यावं काय हुनार?"

नाथानं हौदावर पत्रा टाकला आणि पत्र्यावर दगड ठेवले. म्हशींना बादलीनं पाणी दाखवायला लागला. बदकापुढं एक वाडगं ठेवलं, चोच बुडेल एवढंच.

बदक एकदोन दिवस हौदाभोवती फिरलं, पत्र्यावर चोच आपटली. मग त्यानं आपली सोय आपण केली. दाणे खाल्ले की नदीवरच्या बंधाऱ्याकडं चालायला लागलं. नाथा काठी घेऊन अंड्यांपाशी. त्याला अंडी राखायची होती, बदक कुठं जातंय हे त्याच्या हुकमात नव्हतं. चार दिवस ते गेलं आणि आलं. पाचव्या दिवशी आलं नाही.

दुपार कलायला लागली तेव्हा नाथा उठला. बंधाऱ्याच्या बाभळीखाली त्याला करडी पिसं सापडली आणि आणखी थोडं काही, ते मी लिहीत नाही. गावातली कुत्री त्यानं घरापासून हाकलली होती, ती तिथं बसत होती.

घरी येऊन त्यानं अंड्यांना हात लावला. चैत्राचं ऊन होतं म्हणून पुरती गार पडली नव्हती. त्यानं ट्रंकेतली लष्करातली लोकरी जर्सी काढून अंगात घातली, अंडी पोटाशी आत लावली, खालून पंचा घट्ट बांधला आणि खुर्चीत बसला. मग फोन केला. रंगूबाईला नाही, मला.

"आक्का, बदक गेलं. रंगूला सांगू नगंस."

"मी आपणहून सांगणार नाही. तिनं विचारलं तर खोटं बोलणार नाही. ते बंधाऱ्यावर कशाला गेलं होतं?"

त्यानं हौदाचं सांगितलं. मी जीवशास्त्राची पदवी घेतलेली बाई; पण मला कुणी आधी विचारायचं नाही, ही आमच्या घरची रीतच आहे. मी म्हटलं, "अरे, बदकाच्या अंड्याला ओल लागते. ओल मिळाली नाही तर आतला पापुद्रा वाळून चिवट होतो आणि पिल्लाला फोडून बाहेर येता येत नाही. म्हणून तर बदक ओलं येऊन बसतं. आपल्या माळावरची टिटवीसुद्धा उन्हाळ्यात पोट भिजवून येते, अंडी तापू नयेत म्हणून."

"म्हंजी मीच मारलं त्येला."

"हो," मी म्हटलं. समजूत घालायला वेळ नव्हता, त्याच्या पोटाशी अंडी होती. "आता खुडूक कोंबडी शोध. तोवर उठू नको. कमळपक्ष्यांत नरच अंड्यांवर बसतो, लाजायचं कारण नाही."

"लाजतंय कोन? पर उठू नगं म्हनतीस आनि कोंबडी शोध म्हनतीस. कोंबडी चालत यील का हितं?"

"मग अंडी घेऊन जा. गल्लीत विचार."

"गल्लीत?" ज्या बायका त्याला इतकी वर्षं खुडूक म्हणत होत्या, त्यांच्या दारात जाऊन खुडूक मागायचं. शिवाय त्या बायकांचे फोन रंगूबाईला रोज येत होते. बातमी एका दारातून सुटली की सांगलीला पोचणार आणि बाई मशीन सोडून येणार, हे त्याला माझ्याइतकंच कळत होतं. तरी तो उठला. दुसरा उपाय नव्हता.

पुढचं मला बनुबाईनं सांगितलं. बनुबाई म्हणजे त्याच गल्लीतली, नळाजवळ घर, तोंडानं फटकळ. संध्याकाळची वेळ, नळावर बायका. चैत्राच्या उकाड्यात लोकरी जर्सी घातलेला हवालदार, पोट पुढं आलेलं, दोन्ही हात पोटाखाली, पाऊल जपून टाकत येतोय.

"आगं बया! हवालदार, कितवा म्हैना?"

"खुडूक कोंबडी पायजे," नाथा म्हणाला.

"एक हाय की तुमच्याच वट्यावं. बारा वर्सं झाली, उठंना."

बायका घागरी सोडून हसल्या. नाथाला रागावणं सोपं होतं. तो एरवी अशा बोलण्यावर पाठ फिरवून आत जायचा. त्या दिवशी गेला नाही.

"तीच बसवलीय," तो म्हणाला. "पर तिला पिसं न्हाईत. एखादी पिसंवाली द्या."

बनुबाई म्हणते, तेव्हा पहिल्यांदा तिनं त्या माणसाकडं नीट बघितलं. घामानं डबडबला होता, पण हात पोटाखालून हलत नव्हते. तिच्याकडं एक तांबडी कोंबडी खुडूक होऊन रिकाम्या पाटीत बसली होती. खुडूक मोडावी म्हणून बनुबाईनं तिला दोनदा पाण्यात बुचकळून काढली होती आणि दुसऱ्या दिवशी नाकात पीस खुपसणार होती. आमच्याकडं तसं करतात.

"वाट्यानं देईन," ती म्हणाली. वाट्यानं म्हणजे निम्मी पिल्लं कोंबडीच्या मालकिणीची. "आनि बदकाची निम्मी पिल्लं घिऊन मी काय करू ते मला इचारू नगा. रीत ती रीत."

कोंबडी दिवस मावळताना बसवतात, म्हणजे ती जागा सोडत नाही. बनुबाईनं कोंबडी पाटीसकट गंजीमागं आणून ठेवली आणि नाथानं जर्सीतली अंडी एकेक काढून पाटीत ठेवली. कोंबडीनं चोचीनं दोन अंडी पोटाखाली ओढली आणि पंख पसरले. कुणाची आहेत हे तिनं विचारलं नाही. ओढ आली की पक्षी बसतो. काहीवेळा गोट्यावरसुद्धा बसतो.

बनुबाई तोंड बंद ठेवील ही अपेक्षा कुणालाच नव्हती. चौथ्या दिवशी रंगूबाई माझ्या स्वयंपाकघरात मेथी निवडत होती. फोन वाजला. बनुबाईचा आवाज माझ्यापर्यंत ऐकू येत होता.

"रंगे, तुझा हवालदार पोटुशी हाय गं! तुला म्हाईत न्हाई व्हय?"

मग सगळंच आलं. बदक, बंधारा, पत्रा, जर्सी. रंगूबाईनं फोन ठेवला, हात पुसले, पलंगाखालून पिशवी ओढली आणि तिच्यात लुगडी भरायला लागली. पंधरा लाईटी झाल्या असतील नसतील. अजून बऱ्याच बाकी होत्या.

"उद्या मशीन आहे," मी म्हटलं.

"माझं बसनारं बदक गेलं, वन्सं."

"गेलं. तू गेलीस म्हणून परत येणार आहे का?"

"अंडी हायत."

"अंड्यांवर कोंबडी आहे."

"आनि कोंबडीवं कोन हाय? ज्यानं हौद झाकला त्योच न्हवं?" ती पहिल्यांदा ओरडली. ती रडली असती तर मला सोपं गेलं असतं. "त्यास्नी आजवर मी एक चूल राखायला दिली न्हाई. आनि हे दिलं!"

मला उपदेश करायचा कंटाळा आहे आणि ती ऐकणारही नव्हती. मी फोन तिच्या हातात दिला. "त्यालाच विचार. काय विचारायचं ते विचार. चुकला, तर मी स्वतः तुला वडूजच्या गाडीत बसवते." हे मी मनापासून म्हटलं होतं का? नाही. पण दुसरं काही सुचलं नाही.

तिनं फोन लावला आणि मी तो मोठ्या आवाजावर टाकला.

"कोंबडी कवा उठती?"

नाथानं एकदम ओळखलं की बातमी पोचली. सबबी सांगितल्या नाहीत. "सकाळी. न्हाई उठली तर मी उचलतो."

"उचलताना पायात अंडं अडकतंय."

"आदी खाली हात घालून मोकळं करतो. काल एक अडाकलं व्हतं."

"पानी?"

"कोंबडी काय न्हात न्हाई. मीच लावतो. कोमट. दाढीच्या ब्रशानं."

"कसल्या ब्रशानं?"

"दाढीच्या. हातानं जास्ती हुतंय, ब्रशानं नुस्ती ओल बसती."

"मग दाढी कशानं करता?"

"करत न्हाई."

मी या माणसाला दाढी वाढलेला कधी पाहिला नव्हता, आईच्या सुतकातसुद्धा नाही.

"आनि पिसं? त्येनं उपटून घाटलेली?"

"ती मी टाकून देत व्हतो. मला कळलं न्हवतं." मग म्हणाला, "उकिरड्यावनं गोळा करून आनली. ऊन दिलं आनि परत घातली."

"किती अंडी गेली?"

"बॅटरी लावून बघितली. तीन गेली. बाकीच्यात हालतंय."

"हालतंय?"

"व्हय. आत हालतंय, रंगू. तांबड्या शिरा दिसत्यात. मी असलं कवा बघितलं न्हवतं."

रंगूबाईनं माझ्याकडं पाहिलं नाही. "बॅटरी लय येळ धरू नगा," एवढंच म्हणाली. आणि लगेच, "मी उद्या येती."

"येऊ नगंस," नाथा म्हणाला. "हितं तुझं काय काम न्हाई."

"माझ्या घरात माझं काम न्हाई?"

"मशीन संपंपर्यंत न्हाई. आलीस तर दार उघडनार न्हाई मी. बदक घालवलं ते घालवलं, दुसरं कायबी घालवनार न्हाई." आणि त्यानंच फोन बंद केला.

लग्नाला एवढी वर्षं झाली, पण रंगूबाईच्या आधी त्यानं फोन ठेवला असं कधी झालं नव्हतं. तिनं अर्धी भरलेली पिशवी पायानं पलंगाखाली ढकलली आणि राहिलेली मेथी निवडायला घेतली. दुसऱ्या दिवशी सकाळी मिरजेच्या बसला माझ्या आधी तीच चढली.

कोंबडीचं पिल्लू एकवीस दिवसांत निघतं, बदकाचं अठ्ठावीसला. ही तांबडी मध्येच बसलेली, त्यामुळं तिला तिच्या सवयीपेक्षा जास्त बसावं लागलं नाही. अंडी फुटली तेव्हा रंगूबाई मिरजेला मशीनच्या खोलीबाहेर नंबर लागायची वाट बघत होती. मोबाईलवर दिसलं: दाढी वाढलेला नाथा, आणि त्याच्या तळहातावर पिवळंकरडं, ओलं, चपट्या चोचीचं काहीतरी. दोन पिल्लं कवचातच मेली. पापुद्रा वाळला होता. नाथानं तेही दाखवलं, लपवलं नाही. पाच निघाली. बनुबाईनं निम्म्याचे तीन धरले. रंगूबाईनं बाकड्यावरूनच तिला दोनवर आणलं. शेजारी बसलेले पेशंट आणि त्यांचे नातेवाईक आपापली दुखणी विसरून ऐकत होते.

लाईटी पुऱ्या झाल्या. ती घरी गेली. त्या पिल्लांपैकी माद्या किती आणि त्या आईसारख्या बसणार का, हे पुढच्या वर्षीशिवाय कळणार नाही, आणि मी उगाच आशा लावत नाही. नाथानं दाढी केली, बूट घातले. पण खुर्ची ओट्यावर परत गेली नाही. आता तो म्हशींचं पाणी आणि कोंबड्या बघतो, आणि गुंडाला अंडी कशी उबवायची यावर इतकं ऐकवतो, की गुंडा दुसऱ्या वाटेनं जातो. माणूस बदलला म्हणायला मी तयार नाही. त्याला ड्यूटी मिळाली एवढंच.

तीन महिन्यांनी तपासणीला बोलावलं होतं. मी मनाची तयारी करून बसले होते. फोन करायचे, दटावायचं, शेवटी गाडी करून आणायला जायचं. रंगूबाई एकटीच एसटीनं आली. डॉक्टरांनी तपासलं, ठीक आहे म्हणाले, पण एक तपासणी पुढच्या आठवड्यात होती. तोवर इथंच राहिलात तर बरं, असं म्हणाले. मी तिच्या तोंडाकडं बघत होते.

"ऱ्हाती की," ती म्हणाली.

घरी आल्यावर मी विचारलं, "आणि तिकडं?"

"हायत की त्ये," ती म्हणाली आणि पाय वर घेऊन पलंगावर आडवी झाली.